फोन लावायचा म्हटलं की हात मेसेजकडे वळतो. ही खोड मोडायची कशी?

मुखदुर्बळ:
मंडळी, कोणाला फोन करायची वेळ आली की मी नंबर काढते, अंगठा हिरव्या बटणापर्यंत नेते आणि शेवटी "सवड मिळाली की कळवा" असं टाइप करून मोकळी होते. बोलता येत नाही असं नाही. समोर बसवा, तासभर गप्पा हाणीन. पण फोनवर चेहरा दिसत नाही, मधे क्षणभर शांतता झाली की वाटतं, माणूस वैतागला. इतकी वर्षं हे खपून गेलं. आता कामाचं स्वरूप बदललंय, अनोळखी लोकांना दिवसभर फोन लावायचे असतात. मी आधी सगळी वाक्यं कागदावर लिहिते, वाचते, पाणी पिते, टेबल आवरते, तोवर पलीकडचा माणूस जागेवरून उठून गेलेला असतो. "कम्फर्ट झोनमधून बाहेर पडा" ऐकून कान किटले. उद्या सकाळी नेमकं काय करू, ते सांगा.

रातकिडा:
२१ दिवस नेटाने करा, सवय लागते. माझं पहाटे उठणं असंच जमलं.

उंटावरचा:
मोडायचीच कशाला? न विचारता फोन करणाऱ्यांचा मला राग येतो. मेसेज बरा.

मुखदुर्बळ:
@उंटावरचा, तत्त्वतः सहमत. पण पगार फोन करण्याचा मिळतो हो.

जुनी_खोड:
रातकिडा, ते २१ दिवस मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनचे. रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान तेवढे दिवस लागतात, असं त्याने १९६० मध्ये लिहिलं. पुढे 'किमान' गळालं आणि आकडा उरला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांचा अभ्यास केला, तेव्हा सवय लागायला मध्यक, म्हणजे रांगेतला मधला आकडा, ६६ दिवस निघाला. कोणाचे १८, कोणाचे अंदाजे २५४. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हे त्यातलं कामाचं. पण तिथे लोक पाणी पिणं, फळ खाणं, व्यायाम असल्या सवयी लावत होते. त्यांची कोणाला धडकी भरत नाही.

मुखदुर्बळताई, तुमचं दुखणं वेगळं आहे. मेसेज गेल्यावर जे 'हुश्श' होतं ना, ते बक्षीस आहे. दर वेळी ते मिळतं, म्हणून हात पुन्हा तिकडेच जातो. शिवाय फोन झालाच नाही, तर तो वाटला तेवढा वाईट नव्हता हे कळणार कधी? कागद, पाणी, टेबल हीसुद्धा टाळाटाळच, फक्त कष्टाळू दिसणारी. म्हणून तयारी वाढवू नका, कमी करा.

उद्यासाठी: "खुर्चीत बसले की ईमेल उघडण्याआधी यादीतला पहिला नंबर लावीन," हे आजच ठरवा. अशा 'जर-तर' ठरावांवर मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांनी बरंच संशोधन केलंय. नुसत्या "उद्यापासून करीन"पेक्षा ते जास्त टिकतात. शक्य असेल तर मोबाइलऐवजी टेबलावरच्या फोनवरून लावा, मेसेजचं बटणच समोर नको. कागदावर फक्त पहिलं वाक्य आणि विचारायचा प्रश्न. त्याखाली तुमची भीती लिहा, "चिडेल", "ओळखणार नाही", जे असेल ते. फोन ठेवल्यावर शेजारी लिहा, काय झालं. आणि मधे शांतता पडली तर ती भरू नका. पलीकडचा बहुधा काहीतरी शोधत असतो. माझी उभी नोकरी फोनवर वसुली करण्यात गेली, म्हणून सांगतो.

छाती इतकी धडधडत असेल की नंबरच लावता येत नाही, तर समुपदेशकाकडे जा. हे असं थोडं थोडं सामोरं जाणं ते पद्धतशीर करून घेतात.

मुखदुर्बळ:
टेबल आवरणं टाळाटाळीत धरलंत, तिथे पकडलीत मला. पण समजा, कोणी खरंच चिडलं तर?

जुनी_खोड:
चिडतात की! तेही लिहा: चिडला, फोन आपटला, पुढचा नंबर लावला. फक्त अवघड माणूस दुपारसाठी ठेवू नका, सकाळभर तोच डोक्यात घोळत राहतो.