कोकणात रोड बाईकची चाकं बदलायची? आधी टायर बघा

खाडीकाठ (रत्नागिरी):
परवा सायकलवाल्यांच्या ग्रुपवर एकाने ठोकून दिलं, "रोड बाईक घेतली की आधी स्टॉक व्हील (सायकलसोबत आलेली चाकं) काढा, कार्बनची घाला, बाकी सगळं नंतर." खाली नवी सायकल घेतलेली पोरं लगेच किमती विचारायला लागली. हे वाचून गप्प बसवत नाही.

स्टॉक अलॉय (ॲल्युमिनियमच्या) चाकांची जोडी साधारण १९०० ते २१०० ग्रॅमची. बरी कार्बन जोडी १५०० च्या आसपास. म्हणजे वाचला अर्धा किलो. स्वार, सायकल, बाटल्या धरून ८० किलो होतात. पोलादपूरहून आंबेनळीने महाबळेश्वर चढायला ज्याला अडीच तास लागतात, त्याचं या अर्ध्या किलोने जेमतेम एक मिनिट वाचेल. त्यासाठी पन्नास हजारांच्या पुढे मोजायचे?

राहिला एरोचा, म्हणजे वारा कापण्याचा मुद्दा. खोल (उंच कडेच्या) रिमचा फायदा ताशी ३५-४० सलग धरणाऱ्याला. आपल्याकडे सलग सपाट आहे कुठे? गणपतीपुळ्याहून गुहागरला निघा: खाडीत उतरा, सड्यावर (कातळाच्या पठारावर) चढा, जयगडला फेरीबोटीची वाट बघा, तवसाळला उतरून पुन्हा चढा. त्यात दुपारनंतर सड्यावर आडवा वारा लागला की ५० मिमीची रिम हँडल खेचते.

त्याऐवजी कडेत तार असलेले स्टॉक टायर काढा आणि फ्रेममध्ये बसत असतील तर चांगले २८ मिमी रुंदीचे फोल्डिंग (घडी होणारे) टायर घाला. जोडीमागे दहा वॉटपर्यंत ताकद वाचू शकते, आणि थोडाफार फायदा हळू चालवणाऱ्यालाही मिळतो. आठ-दहा हजारांत काम होतं.

आंबेनळी (महाड):
ते "ठोकून देणारा" मीच. वजनाचा हिशोब मांडून मोकळे झालात, रुंदीचं काय? जुन्या स्टॉक रिम आतून १५-१७ मिमी. नव्या २१ च्या पुढे. तोच २८ चा टायर रुंद रिमवर ऐसपैस बसतो, हवा कमी ठेवता येते, वळणावर पकड वाढते. तुमचे लाडके टायरसुद्धा चांगल्या रिमवरच खरे चालतात.

आणि चाकं बदलल्यापासून चढावर उभं राहून पेडल मारलं तरी मागची रिम ब्रेकला घासत नाही. हे कुठल्या गणितात बसवता?

खाडीकाठ:
घासत होती कारण तारा ढिल्या होत्या. ताण बघून आउट (चाकाची डगमग) काढला असता तर शे-दोनशे रुपयांत काम झालं असतं. शिवाय त्या रुंद रिम बऱ्याचदा हूकलेस (टायर धरणारी कड नसलेल्या) असतात. त्यांत ७३ पीएसआयच्या वर हवा चालत नाही आणि टायरही ठरावीकच चालतात. इथे पोरं पेट्रोल पंपावर १०० भरून निघतात. हे त्यांना पोस्टमध्ये कोण सांगणार होतं?

आंबेनळी:
माझ्या चाकाला हात न लावता तारा ढिल्या होत्या हे ठरवलंत, धन्य आहे! घाट मी चढतो, तुम्ही नाही.

कुडाळचो:
माका एक सांगा, तो आउट काढणार कोण हय?

माझ्या चाकाच्या दोन चपट्या तारा तुटल्या. तशी तार आख्ख्या जिल्ह्यात मिळेना. चाक एका मोठ्या शहरातल्या दुकानात पाठवलं. आख्खा सीझन गेला, आणि परत आलं ते तसंच, वर बिल. साधी गोल तार असती तर बाजारातल्या म्हाताऱ्या सायकलवाल्याने दुपारपर्यंत दिलं असतं. मी तर म्हणतो, चाक घ्यायचं तर २८ किंवा ३२ तारांचं, गोल तारांचं घ्या. बाकी कार्बन की अलॉय, तुमचं तुम्ही बघा.

छर्रे-ग्रीस (चिपळूण):
या सायकलवाल्यांना कोणी विचारत नाही, म्हणून मी बोलतो. माझं दुकान आहे. माझ्या वडिलांनी स्टँडशिवाय, ब्रेकच्या गुटक्यावर नजर ठेवून आयुष्यभर आउट काढले. आज लाखाची सायकल घेऊन येणारा मला विचारतो, "तुम्हाला जमेल ना?"

चाकं कशी मरतात ते मी रोज बघतो. वाळूवर सायकल घालायची, फोटो काढायचे, मग गाडी धुण्याच्या सेंटरवर प्रेशरचं पाणी थेट हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) मारायचं. खारं पाणी सीलच्या आत जातं. महिन्याभराने चाक खरखरतं आणि मग "स्टॉक हब भंगार असतात" म्हणून नवी चाकं! अहो, कप-कोनचं (सुट्या छर्र्यांचं) हब उघडा, छर्रे बदला, ग्रीस भरा, वर्षानुवर्षं चालेल.

कार्बन रिमला ॲल्युमिनियमचे निपल (तार रिमला कसणारे नट) असतील तर खाऱ्या हवेत ते सडतातच. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकत्र आले आणि मीठ-पाणी मिळालं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पाना लावला की निपल हातात येतं. पितळेचेच मागा, थोडे ग्रॅम वाढले तर वाढू देत.

आंबेनळी:
वाळूवर मी कधी सायकल घातली? सगळं बिल माझ्याच नावावर का?

छर्रे-ग्रीस:
तुमचं नाव घेतलं नाही. मुरुड-हर्णैला रविवारी येऊन बघा, तुम्हीच मोजाल.

दापोली २५ मिमी:
रिम ब्रेकवाल्यांचं (ज्यांचा ब्रेक रिमलाच घासतो) कोणी बोलतच नाहीये. पावसात जांभ्याची लाल माती ब्रेकच्या रबरात बसते आणि रिम कानशीसारखी घासते. माझ्या रिमची भिंत आत वाकली, झीज दाखवणारी खूणही पुसली गेली. अशा रिमवर जोरात हवा भरून कुंभार्ली उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. मला चाकं बदलणं भागच होतं, हौस नव्हती. आणि रिम ब्रेकची कार्बन चाकं घाटासाठी कोणी घेऊ नका. लांब उतारावर सतत ब्रेक धरला की रिम तापते, रेझिन (कार्बन धरून ठेवणारा डिंक) मऊ पडतं. मी साधी अलॉय घेतली.

खाडीकाठ:
हे मात्र मान्य. झिजलेली रिम असेल तर टायरचा सल्ला मागे घेतो, आधी चाकच. पण ती दुरुस्ती झाली, अपग्रेड नव्हे. आणि रुंदीचा मुद्दाही बरोबर आहे, पण १९-२१ मिमीची अलॉय जोडी कितीतरी स्वस्तात मिळते. कार्बनच हवं, हे त्यातून सिद्ध होत नाही.

आंबेनळी:
म्हणजे चाकं बदलायची हे अखेर कबूल केलंत. रिम ब्रेकचं दापोलीकरांचं मी मानतो, ते पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, घालतो. पितळेच्या निपलचंही. पण डिस्क ब्रेकवाल्यांसाठी माझं मत कायम.

कुडाळचो:
आणि तारा गोल, ह्या पण घाल त्यात.

छर्रे-ग्रीस:
मागवण्याआधी फ्रीहबही (मागचे गिअर, म्हणजे कॅसेट, बसते तो भाग) बघून घ्या. जुन्या १० स्पीडच्या शिमानो बॉडीवर ११ ची रोड कॅसेट बसत नाही. ११ च्या बॉडीवर १० ची बसते, आत १.८५ मिमीची चकती टाकावी लागते. ती माझ्याकडे आहे, कुरियरचा खर्च करू नका.