'तळीराम' म्हणून हसायचं, की किती प्यायला ते छापायचं?

तापीकाठ, जळगाव
31 डिसेंबर असो की निरोप समारंभाची रात्र, दुसऱ्या दिवशीचा मथळा ठरलेला: 'तळीरामांचा धिंगाणा'. सोबत निळ्या दिव्यांच्या कुठल्यातरी पबचा फोटो. वेबसिरीजमधलं होस्टेल याच्या उलट. तिथे सगळे पितात, कुणी ओकत नाही, सकाळी सगळे फ्रेश. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'मद्यपान आरोग्यास हानिकारक' लिहिलं की झालं.

तळीराम गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला. तो नुसता पिणारा नाही. खचलेल्या सुधाकरला प्याल्याकडे ओढणारा तोच. आपल्या बातमीत मात्र जो पडला तो तळीराम, आणि ज्याने आग्रह करून पाजली त्याचा पत्ताच नाही. कॉलेजात सगळी गोम त्या आग्रहातच असते.

आणि खान्देशात पब आहेत कुठे? इथे मुलं पितात ढाब्यावर, हळदीच्या रात्री, नाहीतर हिवाळ्यात मळ्यातल्या भरीत पार्टीत. तुरकाठ्यांवर भाजलेली वांगी, तेल सुटलेलं भरीत, कळण्याच्या पुऱ्या. एवढं पोटात असलं की दारू हळू चढते. मग 'काहीच होत नाहीये भो' म्हणत दुसरी बाटली उघडते, आणि दोन्ही मिळून चढतात ती परतीच्या वाटेवर, मोटारसायकलवर.

हिशोब सोपा आहे. 42.8 टक्क्यांच्या दारूच्या 30 मिलीत, म्हणजे एका पेगात, साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल. 8 टक्क्यांच्या 650 मिली स्ट्राँग बिअरमध्ये 41 ग्रॅम, म्हणजे चार पेग. 'फक्त बिअर घेतली' म्हणणारा चार पेग पिऊन बसलेला असतो. क्वार्टरमध्ये, म्हणजे 180 मिलीच्या बाटलीत, 61 ग्रॅम. 60 किलोच्या मुलाने ती तासाभरात संपवली तर 100 मिली रक्तात 130 मिलिग्रॅमच्या आसपास जातं. गाडी चालवायची कायद्याची मर्यादा 30. तासाला उतरतं जेमतेम 15. अकराला संपवली तर पहाटे पाचलाही तो मर्यादेच्या वरच. हे कोण छापतं?

पांझरा, धुळे
तापीकाठ, हिशोब बरोबर आहे, पण तो छापू नये असं माझं ठाम मत आहे. अठरा वर्षांचं पोरगं त्यातून एकच अर्थ काढेल: तीस मिली चालते. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलंय की सुरक्षित असं प्रमाणच नाही.

मुळात त्या पोराला दारू मिळायलाच नको. महाराष्ट्रात बिअरला वय 21, कडक दारूला 25. म्हणजे पदवीच्या वर्गातल्या जवळजवळ कुणालाच क्वार्टर विकत घेता येत नाही. वर परवाना लागतो तो वेगळाच. मग बाटली कॉलेजपर्यंत आली कशी? बातमीने हा प्रश्न धरावा. ज्या दुकानातून गेली त्याची चौकशी झाली का, विचारावं. मिलीलिटर शिकवण्यापेक्षा ते जास्त उपयोगी.

भुसावळकर
दोघंही संपादकावर सोडताय. बातमी बनते कशी ते बघा. रात्रीच्या कारवाईचं प्रेसनोट पोलीस ठाण्यातून येतं. त्यात मुद्देमाल रुपयांत असतो, कलमं असतात, आरोपींची संख्या असते. किती प्यायला, कुणी आणली, पोटात काय होतं, यातलं काहीच नसतं. तालुक्याचा वार्ताहर तेच टाइप करून पाठवतो, आणि तीन कॉलमांत बसेल असा मथळा डेस्कवर पडतो. 'तळीराम' चार अक्षरांचा आहे, म्हणून टिकलाय. बदल हवा असेल तर प्रेसनोटमध्ये विक्रेत्याची ओळ मागा. पांझराचं म्हणणं तिथे लागू पडतं.

कडुनिंब, चोपडा
पांझरादादा, पोरं आज पितायत. त्यातलं एक बेशुद्ध पडलं की मित्र काय करतात? तोंडात लिंबूपाणी ओततात, घशात बोटं घालतात, गार पाण्याखाली धरतात, नाहीतर 'झोपू दे' म्हणून उताणं टाकून जातात. चारही गोष्टी जिवावर बेततात. शुद्ध नसलेल्याला पाजलेलं श्वासनलिकेत जातं, उताणा ओकला तर तीच उलटी फुप्फुसात. गार पाण्याने आधीच उतरलेलं अंगाचं तापमान आणखी उतरतं. शिवाय शेवटचा ग्लास पोटातून रक्तात यायचा बाकी असतो, म्हणून 'आता पीत नाही, बरा होईल' हे खोटं.

डाव्या कुशीवर वळवा. वरचा गुडघा पुढे दुमडा, वरचा तळहात गालाखाली, मान किंचित मागे. श्वास मोजा. मिनिटाला आठपेक्षा कमी, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर, ओठ निळसर, हाक मारून चिमटा घेऊनही हालचाल नाही, यातलं एकही दिसलं तर 108. रेक्टरला कळेल या भीतीने पोरं फोन करत नाहीत. बातमीत हे आलं तर ती भीती थोडी तरी कमी होईल.

धडगावची लेक
तापीकाठभाऊ, तुमचा मिलीचा हिशोब सातपुड्यात चालत नाही. मोहाच्या घरगुती दारूवर टक्केवारीचं लेबल नसतं. भट्टीची पहिली धार कडक, शेवटची पाणचट, एकाच हंड्यातली. इथला मुलगा जळगाव-धुळ्याच्या वसतिगृहात येतो तेव्हा 'आदिवासी म्हणजे पिणारच' हे छापलेलं चित्र आधीच त्याच्या पुढे उभं असतं. नाही म्हटलं तर कुणाला खरं वाटत नाही. मोह आमच्याकडे देवाला आधी. त्यातलं फुलांचं अन्न, तेल, पूजा काही दिसत नाही, दिसते फक्त दारू. आणि आदिवासी भागातल्या ग्रामसभांसाठीच्या पेसा कायद्याने 1996 पासून मादक पदार्थांवर बंधन घालायचा अधिकार ग्रामसभेला आहे, त्याची बातमी कधी वाचलीत? नंदुरबारच्या पानावर गुजरातकडे जाणारे दारूचे ट्रक तेवढे असतात.

तापीकाठ, जळगाव
ताई, मोहाचं मान्य. लेबल नसलेल्या दारूला माझा हिशोब लावू नये. पांझराभाऊंचं अर्धं मान्य. पेगाचा आकडा एकटा छापला तर तो परवानगीसारखा वाचला जाईल. म्हणून 30 तारखेच्या अंकात एवढी चौकट यावी:

'स्ट्राँग बिअरची एक बाटली म्हणजे चार पेग. क्वार्टर रात्री अकराला संपली तर पहाटे पाचलाही गाडी चालवणं गुन्हा ठरू शकतं. बेशुद्ध मित्राला पाजू नका, कुशीवर वळवा, 108 ला फोन करा.'

पांझरा, धुळे
पहिली ओळ बदला. '21 च्या आतल्याला बिअर आणि 25 च्या आतल्याला दारू विकणं गुन्हा', ही वर घ्या. मग बाकीचं राहू द्या.

कडुनिंब, चोपडा
वर घ्या, पण 108 ची ओळ जागेअभावी कापू देऊ नका. डेस्कवर नेहमी शेवटची ओळच उडते.