अनुभव धागा: घरच्या संगणकावर लिनक्सची नवी आवृत्ती चढवताना

लिनक्स ही विंडोजसारखी संगणकप्रणाली; उबुंटू, मिंट, डेबियन हे तिचे प्रकार. त्यातल्या उबुंटू २०.०४ चे नेहमीचे सुरक्षा अपडेट मे २०२५ मध्ये थांबले. तेव्हापासून ‘नवी आवृत्ती चढवू का, मशीन बंद पडेल का’ असं विचारणारे वाढलेत. मराठवाड्यात ज्यांनी हे घरी केलंय त्यांनी सविस्तर लिहावं. मशीन किती जुनं, नेट कुठलं, लाईट गेली का, हेही सांगा.

लातूर
उबुंटूची एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती) पायरी गाळून चढता येत नाही, २०.०४ वरून आधी २२.०४, मग २४.०४. पहिली पायरी बिनबोभाट झाली. दुसऱ्या वेळी पॅकेजं (सॉफ्टवेअरचे सुटे गठ्ठे) उलगडत असतानाच लाईट गेली. परत चालू केलं तर काळा पडदा आणि डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ. ग्रबमधून (मशीन सुरू होतानाची यादी) रिकव्हरी म्हणजे दुरुस्तीच्या मोडला गेलो, रूट शेल (सगळे अधिकार असलेला आज्ञांचा पडदा) घेतलं, डिस्क लिहिण्याजोगी माउंट केली म्हणजे जोडली आणि ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ही आज्ञा दिली. अर्धवट राहिलेलं एकेक पॅकेज ‘सेटिंग अप’ म्हणत पुढं सरकायला लागलं तेव्हा जीव भांड्यात पडला. मग राहिलंसाहिलं दुरुस्त करायला ‘ॲप्ट -एफ इन्स्टॉल’. फोटो, लेकीचे प्रकल्प, सगळं जागेवर. ध्यानात घ्या, आधी सगळं डाउनलोड होतं आणि बसवणं नंतर सुरू होतं. डाउनलोड तुटलं तर काही बिघडत नाही, पण बसवताना लाईट जाता कामा नये. इन्व्हर्टरवर जोडूनच करा. वळवाच्या दिवसांत तर हात घालूच नका. आता २४.०४ झकास चालायलंय.

नांदेड
लॅपटॉपवर मिंट २१ होतं. आधी २१.३ पर्यंत यावं लागतं, मगच २२. मिंटचं अपग्रेड साधन टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट (मागं परतता यावं म्हणून जपलेली सिस्टिमची प्रत) आहे का ते बघितल्याशिवाय पुढं जातच नाही, हे मला फार आवडलं. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटचं, रोजचा डेटा ठरलेला. म्हणून रिचार्ज जास्तीचा मारून ठेवला.

परभणी
शाळेच्या प्रश्नपत्रिका मी घरीच लिब्रेऑफिसमध्ये करते. अपग्रेडनंतर मराठी कीबोर्ड यादीतून गायब, आणि चाचणी तोंडावर! ‘आयबस-एम१७एन’ हे भारतीय भाषांत टाइप करायचं पॅकेज पुन्हा बसवलं, लॉगआउट करून आत आले, सेटिंग्जमध्ये मराठी इनस्क्रिप्ट (कीबोर्डची मांडणी) जोडलं. जुन्या फायली जशाच्या तशा उघडल्या. शिक्षकांनी हे पॅकेज आधीच लिहून ठेवावं.

अंबाजोगाई
डेबियन १२ वरून १३ वर जाणाऱ्यांनी एक बघा. १३ मध्ये ३२-बिट (जुन्या धाटणीच्या) पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल (सिस्टिमचा गाभा) नाही. पण सिस्टिम ३२-बिट असली म्हणजे प्रोसेसरही तसाच असतो असं नाही. ‘एलएससीपीयू’ ही प्रोसेसरची माहिती दाखवणारी आज्ञा चालवा, ‘ऑप-मोड’च्या ओळीत ६४-बिट दिसलं तर डेटा बाहेर काढून ६४-बिट डेबियन नव्यानं टाकता येतं. वडिलांच्या जुन्या पीसीवर तसंच केलं, त्यांची सातबाऱ्याची कागदपत्रं त्यावरच असतात. भंगारात घालायच्या आधी ही एक ओळ वाचा, कळकळीनं सांगतोय.

छत्रपती संभाजीनगर
होम (आपल्या फायलींचं फोल्डर) डिस्कच्या वेगळ्या भागावर, म्हणजे पार्टिशनवर आहे, त्यामुळं मी दरवेळी नव्यानंच टाकतो. फक्त होमच्या पुढची फॉरमॅटची खूण काढलेली आहे ना, हे दोनदा बघतो.

जालना
लातूरकरांना पुस्ती: बाहेरची पीपीए (उबुंटूच्या अधिकृत साठ्याबाहेरची सॉफ्टवेअरची ठिकाणं) अपग्रेडच्या वेळी आपोआप बंद होतात. नंतर ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’मध्ये जाऊन, नव्या आवृत्तीसाठी ती निघाली आहेत का ते बघून एकेक चालू करा.