एफईआर आलाय: 'कोणताही ऑक्साइड अर्धवाहक' हा क्लेम टिकेल का?

थिनफिल्म_पुणे

नमस्कार मंडळी. आमच्या छोट्या कंपनीच्या थिन-फिल्म ट्रान्झिस्टरच्या अर्जावर मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडून पहिला परीक्षण अहवाल (एफईआर) आला आहे. पहिला क्लेम, म्हणजे आम्ही कशावर हक्क मागतो ते वाक्य, थोडक्यात असं: गेट, गेट इन्सुलेटर, ऑक्साइड अर्धवाहकाचा थर, सोर्स, ड्रेन आणि वर संरक्षक थर असलेला ट्रान्झिस्टर, ज्याचं थ्रेशोल्ड व्होल्टेज (ज्या गेट व्होल्टेजला तो चालू होतो) 0.5 व्होल्टपेक्षा कमी सरकतं.

प्रत्यक्षात आम्ही झिंक-टिन ऑक्साइड वापरतो. द्रावण स्पिन कोटरवर पसरायचं, भट्टीत तापवायचं, मग वर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड म्हणजे अ‍ॅल्युमिना. अ‍ॅल्युमिना चढवण्याआधी यट्रियाचा (यट्रियम ऑक्साइडचा) अगदी पातळ थर देतो. तो क्लेम 4 मध्ये आहे. स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जातल्या वर्णनात) झिंक-टिनची 1:1 आणि 2:1 एवढीच उदाहरणं आहेत.

हरकती: नावीन्य नाही, कल्पकतेची पायरी नाही, आणि पेटंट कायद्याच्या कलम 10(5) प्रमाणे क्लेम स्पष्ट नाही व वर्णनावर रास्त आधारलेला नाही. आमचे संचालक म्हणतात, "एक शब्दही कमी करायचा नाही, उद्या कुणी झिंक-टिनऐवजी दुसरं काही घालेल." उत्तर काय द्यावं? आणि भट्टीतल्या प्रक्रियेचा क्लेम आता घालता येईल का? मूळ क्लेम सगळे उपकरणाचेच आहेत.

दावेदार

मी इलेक्ट्रॉनिक्सचेच अर्ज हाताळते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ते 0.5 व्होल्ट बघा. थ्रेशोल्ड सरकतं ते कशाखाली? गेटवर किती व्होल्ट, किती वेळ, कोणत्या तापमानाला, अंधारात की उजेडात? ऑक्साइड ट्रान्झिस्टरच्या गेटवर ऋण बायस (व्होल्टेज) असताना उजेड पडला तर आकडा पार बदलतो. चाचणीच्या अटी क्लेममध्ये नसतील तर एकच नमुना एका प्रयोगशाळेत क्लेमच्या आत आणि दुसरीकडे बाहेर ठरेल. शिवाय तुम्ही इथे फळ मागताय, ते मिळवण्याची रीत क्लेममध्ये नाही. एक्झामिनरची हरकत मला पूर्ण रास्त वाटते.

आता नावीन्य. इंडियम-गॅलियम-झिंक ऑक्साइडचे लवचीक ट्रान्झिस्टर होसोनो यांच्या जपानी गटाने 2004 मध्ये 'नेचर'मध्ये छापले. झिंक-टिन ऑक्साइडचे ओरेगनच्या गटाने 2005 मध्ये. म्हणजे 'ऑक्साइड अर्धवाहक' म्हणालात की हे सगळं समोर येऊन उभं राहतं.

संचालकांना ट्रान्झिस्टरचीच कथा सांगा. ज्यूलियस लिलियनफेल्ड यांनी 1926 मध्ये अमेरिकेत अर्ज केला. पेटंट क्रमांक 1745175, जानेवारी 1930 मध्ये मंजूर. वर्णनात कॉपर सल्फाइडचा पातळ थर, पण क्लेम अतिपातळ वाहक माध्यमातला प्रवाह विद्युतक्षेत्राने आवरण्याचा. चालणारं उपकरण त्यांनी जगाला दाखवल्याची नोंद नाही. पेटंटची 17 वर्षं 1947 च्या जानेवारीत संपली, आणि त्याच डिसेंबरात बेल लॅब्जमध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांचा पॉइंट-कॉन्टॅक्ट ट्रान्झिस्टर चालला. त्यांचे सहकारी शॉकली यांना फील्ड इफेक्टच्या, म्हणजे विद्युतक्षेत्राने प्रवाह आवरण्याच्या, तत्त्वावरच व्यापक पेटंट हवं होतं. बेलच्या वकिलांना लिलियनफेल्ड यांची पेटंटं सापडली आणि तो मार्ग सोडावा लागला. पेटंटची मुदत संपते, त्यातला मजकूर मात्र प्रायर आर्ट (आधीच जाहीर झालेलं ज्ञान) म्हणून कायम राहतो. अखेर 17 जून 1948 चा अर्ज बार्डीन-ब्रॅटन यांच्या नावाने, त्यांनी खरोखर चालवून दाखवलेल्या रचनेवर झाला. शॉकली यांनी त्याच महिन्यात जंक्शन ट्रान्झिस्टरचा वेगळा अर्ज केला. दोन्ही मंजूर झाले.

माझ्या मते तुमचा शोध क्लेम 4 मध्ये आहे. अ‍ॅल्युमिना चढवताना हायड्रोजन चॅनलमध्ये (अर्धवाहकाच्या थरात) शिरतो, इलेक्ट्रॉन वाढवतो आणि थ्रेशोल्ड ऋण बाजूला ढळतं. तुमचा यट्रियाचा थर ते अडवतो का? तसं वर्णनात लिहिलंय का? यट्रिया असलेल्या आणि नसलेल्या नमुन्यांची तुलना आहे का? असेल तर कल्पकतेच्या पायरीचं उत्तर तिथून सुरू करा. त्याआधी यट्रियाचा शोध स्वतः नीट घ्या, कारण संरक्षक थर म्हणून तो इतरांनीही वापरलाय.

इसारकाठ

म्युनिकमध्ये याच क्षेत्रात काम करतो. ताईंशी सहमत. एक जपा: यट्रियाची जाडी एका उदाहरणातून उचलून क्लेममध्ये टाकाल आणि त्याच उदाहरणातलं तापमान, प्रमाण वगळाल, तर युरोपात तिथल्या पेटंट कराराच्या कलम 123(2) खाली 'मूळ अर्जात नसलेला मजकूर' म्हणून अडवतात. पुढे युरोपातही जायचं असेल तर वर्णनात जी वैशिष्ट्यं एकत्र आली आहेत ती एकत्रच घ्या.

थिनफिल्म_पुणे

ताई, तुलनेचा आलेख आहे, आकृती 6. गेटवर 20 व्होल्ट, एक तास, अंधारात. हायड्रोजनचं कारणही एका परिच्छेदात आहे. पण संचालकांची भीती अगदीच चूक आहे का? कारण हायड्रोजनच असेल तर इंडियम-गॅलियमवरही यट्रिया चालायला हवा ना?

दावेदार

भीती खरी आहे, आणि कारण लिहिलंय हे तुमचं बळ आहे. पण 'चालायला हवा' आणि 'चालवून दाखवला' यांत अंतर आहे. सॉयर आणि मॅन यांनी कागदाचा कोळसा करून दिव्याची तार बनवली आणि क्लेम केला सगळ्या तंतुमय पदार्थांवर. एडिसनच्या बाजूने दाखवून दिलं की हजारो वनस्पती तपासल्या तर बहुतेक निरुपयोगी निघतात, मोजके बांबू कामाचे. 1895 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो क्लेम रद्द केला. सगळ्या पदार्थांत समान गुण कोणता, हे त्या दोघांनी सांगितलंच नव्हतं.

तुम्ही निदान कारण सांगितलंय. म्हणून पहिला क्लेम असा करा: झिंक-टिन ऑक्साइडचा चॅनल, त्याला लागून यट्रिया, त्यावर अ‍ॅल्युमिना. प्रमाण आणि जाडी अवलंबी क्लेममध्ये (पहिल्यावर आधारलेल्या, अधिक अरुंद क्लेममध्ये). 0.5 व्होल्ट ठेवायचेच असतील तर आकृती 6 च्या अटींसकट, तेही अवलंबी क्लेममध्ये. 'झिंक असलेला ऑक्साइड' इतकं रुंद मागून बघता येईल, पण सुनावणीत कंट्रोलर (पेटंट कार्यालयाचे निर्णय देणारे अधिकारी) विचारतील की वर्णनात आधार कुठे आहे, तेव्हा पान दाखवता आलं पाहिजे. अर्जानंतर केलेले इंडियमचे प्रयोग ही उणीव भरून काढणार नाहीत. त्यांच्यासाठी स्वतंत्र अर्जाचा विचार करा, पण तुमचा हा अर्ज प्रसिद्ध झाला असेल तर तोच आता प्रायर आर्ट आहे.

प्रक्रियेचा क्लेम आता घालू नका. कलम 59 प्रमाणे दुरुस्त क्लेम मूळ क्लेमच्या व्याप्तीत पूर्ण बसावा लागतो. उपकरणाच्या क्लेमवरून पद्धतीकडे गेलात की नवी हरकत येईल. विभागीय अर्जाचं (याच अर्जातून वेगळा काढलेल्या अर्जाचं) तुमच्या एजंटशी बोला, तेही हा अर्ज मंजूर होण्याआधी.

उत्तराला अहवालाच्या तारखेपासून सहा महिने आहेत. मुदतवाढ हवी असेल तर फॉर्म 4 त्या सहा महिन्यांच्या आतच भरा.