टॅलसला खालून ड्रिलिंग, तेही नेव्हिगेशनने – खरंच गरज असते का?

पाऊलखूण: घोटा मुरगळल्याला दीड वर्ष झालं, चालताना आतून अजून दुखतं. एमआरआयमध्ये टॅलसच्या (नडगीखालचं घोट्यातलं हाड) आतल्या कडेला कूर्चेखालचं हाड खराब झालंय, वरची कूर्चा शाबूत आहे. सर्जन म्हणतात, खालून ड्रिल करू, कॉम्प्युटर नेव्हिगेशन लावू. पायासाठी एवढं लागतं का? आणि पडद्यावर दिसतं तेच आत असतं कशावरून? मी घाबरले आहे.

ओटीतला: मी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) सी-आर्म, म्हणजे ऑपरेशन चालू असताना वापरायचं एक्स-रे यंत्र, आणि नेव्हिगेशन सांभाळतो. ताई, तुमचा दुसरा प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवतो.

वरून ड्रिल केलं तर चांगल्या कूर्चेलाच भोक पडतं. म्हणून खालून वायर (ड्रिलने घालायची बारीक तार) घालायची आणि कूर्चेच्या अलीकडे थांबायचं. साध्या सी-आर्मवर एका वेळी एकाच दिशेची सावली दिसते. समोरून बरोबर वाटलेली वायर बाजूने पाहिली की भलतीकडे गेलेली असते. मग काढा, पुन्हा घाला. नेव्हिगेशनमध्ये हाडात पिन रोवून तिच्यावर चकाकणारे गोळे बसवतात, तसेच ड्रिलवरही. इन्फ्रारेड कॅमेरा ते टिपतो आणि ड्रिलचं टोक टेबलावरच घेतलेल्या स्कॅनच्या चित्रात सरकताना दिसतं.

पण कॅमेऱ्याला हाड दिसत नाही, गोळे दिसतात. नव्या मुलांना मी हे रोज सांगतो. पावलात 26 हाडं, तीही एकमेकांवर हलणारी. एकदा आमच्याकडे पिन नडगीच्या हाडात होती आणि स्कॅननंतर घोटा जरासा वाकला; टॅलस हललं, गोळे तिथेच. पडद्यावर सगळं सुरळीत! सर्जननी ड्रिल लावण्याआधी टोकदार प्रोब टॅलसच्या ओळखीच्या कंगोऱ्यावर टेकवला, तर पडद्यावर तो अधांतरी. तिथेच थांबलो, पाय पक्का बांधून पुन्हा स्कॅन केला. वेळ गेला, पण वायर जागेवर गेली.

हाडवैद्य: ऑर्थोपेडिक्समध्ये शिकतोय. दुर्बीण आणि साधा एमिंग गाइड (ड्रिलला दिशा देणारं साधन) वापरूनही हे ड्रिलिंग चांगलं होतं, त्यामुळे नेव्हिगेशन नसलं तर ऑपरेशन कमअस्सल असं समजू नका. जास्तीची पिन, जास्तीचा वेळ लागतोच. मला स्वतःला ऑपरेशन टेबलावरचा थ्रीडी स्कॅन टाचेच्या फ्रॅक्चरमध्ये जास्त मोलाचा वाटतो: स्क्रू सांध्यात घुसला असेल तर टाके घालण्याआधीच कळतं.

पाऊलखूण: म्हणजे सर्जनना विचारायचं, पिन कुठल्या हाडात आणि स्कॅननंतर घोटा हलू नये म्हणून काय करणार?

ओटीतला: हो, हेच. आणि मधे प्रोब टेकवून खात्री किती वेळा करतात, तेही विचारा.