घराभोवतीचे रान बेणण्यासाठी (झुडपे तोडून साफ करण्यासाठी) लोहाराने घडवलेला कोयता: निवड, वापर आणि काळजी

गडगा यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. सावंतवाडी तालुक्यात आमचे वडिलोपार्जित घर असून त्याभोवती साधारण अर्धा एकर जागा आहे. बरीच वर्षे बंद असलेल्या या घरात आई-वडील आता कायमचे राहायला गेले आहेत आणि मी डोंबिवलीहून सुटी मिळेल तसा जाऊन येतो. मधल्या काळात रानमोडी आणि घाणेरीची झुडपे पडवीच्या पायरीपर्यंत पोहोचली आहेत, चिऱ्यांच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) करवंदीच्या जाळ्या चढल्या आहेत आणि विहिरीच्या वाटेवर कुड्याची मनगटाएवढी जाड झुडपे उभी आहेत. गवतासाठी ग्रासकटर भाड्याने मिळतो, परंतु गडग्यालगत आणि करवंदीच्या जाळीत त्याचा उपयोग होत नाही.

गावाजवळ एक लोहार अजून भाता चालवतात आणि ते कोयता घडवून देण्यास तयार आहेत. बाजारात मिळणाऱ्या तयार कोयत्यापेक्षा त्यांचा कोयता महाग पडेल. तो घेणे योग्य ठरेल का, घेताना काय पाहावे, आणि ज्याने आजवर असे काम नियमित केलेले नाही अशा माणसाने तो कसा वापरावा, याबद्दल अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे. फेब्रुवारीत आठवडाभराची रजा मिळणार आहे. तेव्हाच सगळे काम उरकावे असा विचार आहे.

ऐरण यांचे उत्तर

आमच्या घरात लोहारकाम पिढीजात आहे, मी स्वतः मात्र यंत्रशाळेत नोकरी करतो. त्यामुळे दोन्ही बाजू पाहून लिहितो. हाताने घडवलेला म्हणजे आपोआप चांगला, असे मुळीच नाही. कोयत्याची किंमत दोन गोष्टींत असते: पोलाद कोणते आहे आणि त्याला पाणी कसे दिले आहे, म्हणजे तापवून, बुडवून ते कडक कसे केले आहे.

साध्या लोखंडी पट्टीत कार्बन ०.२ टक्क्यांच्या आसपास असतो आणि असे लोखंड कितीही तापवून पाण्यात बुडवले तरी धार टिकण्याइतके कडक होत नाही. स्वस्त तयार कोयत्यांपैकी पुष्कळसे याच जातीचे असतात, म्हणून करवंदीच्या दोन जाळ्या तोडल्या की त्यांची धार लोळते. जाणता लोहार ट्रकच्या कमानीचा जुना पाटा वापरतो. त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा थोडा अधिक असतो, शिवाय सिलिकॉन, मँगेनीज किंवा क्रोमियम असते, त्यामुळे धारेला कडकपणा येतो आणि पाठ लवचीक राहते. एक सावधगिरी मात्र हवी. जुना पाटा वर्षानुवर्षे ओझ्याखाली वाकलेला असतो आणि मधल्या बोल्टच्या भोकापाशी त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा गेलेल्या असू शकतात. तो भाग टाळून तुकडा घेतला आहे का, हे लोहारांना नि:संकोच विचारावे. चांगल्या कारागिराला या प्रश्नाचा राग येत नाही.

पाणी देण्याचे काम पाहायला मिळाले तर जरूर थांबा. पाते लालभडक करून फक्त धारेकडचा भाग तेलात किंवा पाण्यात बुडवतात, बाहेर काढून तेथील काजळी पटकन घासतात, आणि पाठीत उरलेली उष्णता धारेकडे परत सरकताना उजळ पोलादावर रंग चढत जातात. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा. गवती पिवळा म्हणजे साधारण २२० अंश सेल्सियस आणि निळा म्हणजे ३०० च्या जवळपास. झुडपे तोडण्याच्या कोयत्याची धार तपकिरी-जांभळ्यावर थांबवलेली बरी: पिवळ्यावर थांबवली तर दगडाला लागून तुकडा उडतो आणि निळ्यापुढे गेली तर धार मऊ पडते. हे सारे काही क्षणांत घडते आणि उन्हात रंग नीट दिसत नाहीत, म्हणून आमचे वडील हे काम सावलीत करत असत.

घरी आणल्यावर धारेवर कानस हलकेच फिरवून पाहा. कानस सहज लोखंड खात असेल तर धार मऊ आहे. अगदीच काचेवरून घसरल्यासारखी घसरत असेल तर ती नको इतकी कडक आहे. वापरात धार वाकली किंवा तिचे कोपरे उडाले, तर कोयता टाकून न देता त्याच लोहाराकडे परत न्यावा. तो पुन्हा तापवून, ठोकून, नव्याने पाणी देऊन देतो, आणि वरचे पैसे याच सोयीचे असतात असे मी मानतो.

आकाराबद्दल सांगायचे तर नवशिक्याने १० ते १२ इंचांचे पाते आणि पाऊण किलोच्या आसपास वजन यापुढे जाऊ नये. पुढे किंचित वळलेली चोच असावी, कारण जाळीतील फांदी तिने ओढून घेता येते. मूठ शिसव, खैर किंवा बाभळीची असावी. तिच्या तोंडाशी लोखंडी कडे असावे आणि पात्याचा मुठीत जाणारा भाग निदान मुठीच्या निम्म्यापर्यंत पोहोचलेला असावा. मुठीला वार्निश लावू नका, घामाने ती निसटते. जवसाचे तेल पुरते.

धार निसण्यावर (धार लावायच्या दगडावर), पाण्याचा हात देऊन काढावी. ग्राइंडरवर धार लावण्याचा मोह फार होतो. ठिणग्या उडता उडता धारेवर निळी झाक आली की लोहाराने दिलेले पाणी उतरले असे समजा.

काजूबाग यांचे उत्तर

ऐरण यांनी हत्याराबद्दल लिहिले ते योग्यच आहे. मी कामाबद्दल लिहितो, कारण दरवर्षी आमची काजूची बाग आम्हीच बेणतो.

पहिली गोष्ट अशी की फेब्रुवारी हा महिना या कामासाठी चुकीचा आहे. रानमोडी साधारण नोव्हेंबरपासून फुलते आणि तिचे तुऱ्यावरचे बी फेब्रुवारी-मार्चमध्ये वाऱ्यावर उडते. त्या वेळी तिला कोयता लावणे म्हणजे आपल्याच हाताने परसात पेरणी करणे होय. दसरा-दिवाळीच्या सुमारास, जमीन अजून ओली असताना आणि फूल धरण्याआधी ती तोडली तर तेच तोडलेले काजूच्या बुंध्याभोवती आच्छादन म्हणून पसरता येते. शिवाय वणव्याचे दिवस सुरू होण्याआधी घराभोवतीचा पट्टा मोकळा होतो.

दुसरी गोष्ट, घाणेरीचे काम एकट्या कोयत्याने होत नाही. जमिनीलगत तोडलेली घाणेरी पुढच्या पावसात चौपट फांद्यांनी उठते, कारण फुटवे मुळाच्या गळ्यापासून येतात. कोयत्याने वरचा पसारा उतरवावा, नंतर कुदळीने मुळाचा गळा जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर तोडून तो गड्डा उलटा करून ठेवावा. कष्ट अधिक आहेत हे मान्य, पण दरवर्षी तेच झुडूप तोडण्यापेक्षा ते परवडते.

आता हात चालवण्याबद्दल. कोयता धरलेल्या हातात मोजा घालू नये, पकड सुटते. दुसऱ्या हातात मात्र चामड्याचा मोजा असावा, आणि शक्य तेथे त्या हाताने फांदी न धरता दुबेळक्याच्या (टोकाला दोन फाटे असलेल्या) काठीने ती दाबून धरावी. घाव वरून खाली, तिरका आणि आपल्या पायांपासून दूर जाईल असा घालावा. वाकून ताणलेली फांदी ताणाच्या बाजूने एकदम तोडली तर ती उसळून तोंडावर येते, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. वेली खालून तोडून आठ-दहा दिवस तशाच सोडाव्यात. सुकल्यावर त्या ओढून काढता येतात आणि हिरव्या वेलीशी झटापट करावी लागत नाही. शेंगांवर तांबूस लव असलेली खाजकुयली दिसली तर तिच्या वाऱ्याला उभे राहू नये.

एक गोष्ट नवखे लोक हमखास विसरतात. तिरक्या घावाने झुडपाचा जो खुंट उरतो तो सुळ्यासारखा असतो आणि पुढे वर्षभर कोणाच्या ना कोणाच्या पायात घुसतो. आई-वडील संध्याकाळी त्याच वाटेने फिरणार असतील तर दुसरा घाव घालून असा प्रत्येक खुंट जमिनीबरोबर सपाट करावा. गडग्यालगत मात्र चांगला कोयता वापरू नका. चिऱ्याला लागून धार जाते. तेथे जुना, बोथट झालेला कोयता किंवा करवत बरी.

काम थांबले की कोयता कमरेच्या आकडीला लावावा किंवा ओंडक्यात रोवून ठेवावा. गवतात आडवा टाकलेला कोयता स्वतःलाच सापडत नाही, आणि सापडतो तेव्हा पायाने सापडतो.

कुड्याची झुडपे तोडायला हरकत नाही, पण त्याच गर्दीत आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ किंवा खैर यांची झाडे उभी असतील तर हात आखडावा. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन अधिनियमाच्या अनुसूचीत ही झाडे येतात आणि ती स्वतःच्या जमिनीत असली तरी तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते.

आरोग्यसेविका यांचे उत्तर

काजूबाग यांनी फेब्रुवारी टाळा असे सांगितले, त्याला माझ्याकडून आणखी एक कारण जोडते. दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये माकडतापाचे रुग्ण आढळले आणि पुढे सावंतवाडी तालुक्याच्या काही भागांतही ते सापडले. हा आजार गोचिडीच्या चाव्याने होतो आणि त्याचा जोर साधारण जानेवारी ते मे या काळात असतो. झाडोऱ्यात शिरून पालापाचोळा उचलणारी, काजूच्या बागेत राबणारी माणसेच प्रामुख्याने त्याच्या तावडीत सापडतात. त्या दिवसांत काम करणे भागच असेल तर पूर्ण बाह्यांचे कपडे घालून विजारीची टोके मोज्यांत खोचावीत, उघड्या त्वचेवर गोचिडी दूर ठेवणारे, आरोग्य केंद्रात मिळणारे तेल लावावे, आणि घरी येताच कपडे गरम पाण्यात भिजवून साबणाने आंघोळ करावी. परिसरात माकड मरून पडलेले दिसले तर त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे. रानातून आल्यावर आठवड्याभरात सणकून ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना रानात काम केल्याचे न विसरता सांगावे.

सापांबद्दल थोडक्यात. फुरसे दगडांच्या फटीत आणि पाचोळ्यात असते, म्हणून गडग्याच्या पायथ्याशी हात घालण्याआधी काठीने हलवून घ्यावे, गमबूट घालावेत. हिरवा चापडा मात्र कमरेच्या उंचीवर, फांदीला विळखा घालून बसलेला असतो आणि पानांत दिसत नाही, त्यामुळे केवळ पाय झाकून भागत नाही. आपल्याकडे मिळणारे सर्पविषावरील इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते, चापड्याच्या विषावर ते बनवलेले नसते. साप कोणताही असो, दंश झाल्यावर आवळपट्टी बांधणे, जखम चिरणे किंवा विष चोखणे यांपैकी काहीही करू नये. तो अवयव हलू न देता थेट रुग्णालय गाठावे. धनुर्वाताचे इंजेक्शन काम सुरू करण्यापूर्वीच घेऊन ठेवावे.

गडगा

सर्वांचे मनापासून आभार. रजा फेब्रुवारीऐवजी दिवाळीला जोडून घेण्याचा प्रयत्न करतो, आणि विहिरीच्या वाटेवरचा एक ऐन आता जाग्यावरच राहील. एक शंका उरते. धार लावण्यासाठी कोयता डोंबिवलीला आणावा आणि पुढच्या खेपेस परत न्यावा असा विचार होता. रेल्वेने किंवा एसटीने असे हत्यार नेताना कायद्याची काही अडचण येते का?

कचेरीकर यांचे उत्तर

१९५९ च्या शस्त्र अधिनियमातील शस्त्राच्या व्याख्येतून केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेली हत्यारे वगळलेली आहेत, त्यामुळे परसात कोयता बाळगायला परवाना लागत नाही. तथापि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे धारदार हत्यार शस्त्र नियमांच्या कक्षेत येऊ शकते आणि तुमचा कोयता या मापात सहज बसतो. ते शेतीचेच आहे हे बागेत उभे असताना कोणी विचारत नाही. डोंबिवलीच्या फलाटावर पिशवीतून मूठ बाहेर डोकावत असेल तर ते पटवून देण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. शहरांत सणासुदीला किंवा निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असतात, तेव्हा तर हा धोका पत्करूच नये.

ऐरण यांचे उत्तर

कचेरीकरांशी सहमत आहे, आणि मुळात नेण्याचे कारणच नाही. निसणा दीड वीत लांबीचा असतो, तो गावी ठेवा. काम संपल्यावर झाडाचा चीक घासून काढा, पाते कोरडे करा, वर खोबरेल तेलाचा पातळ हात द्या आणि कोयता कोरड्या जागी टांगून ठेवा. पावसाळ्यात चुलीच्या वरची जागा सर्वांत उत्तम. मूठ हलू लागली तर तिच्यात पाचर ठोकून दिवस ढकलू नका. घाव घालताना सुटलेले पाते कुठे जाईल ते सांगता येत नाही. लोहारांकडे नवी मूठ बसवून घ्या, आणि दिवाळीच्या सुमारास त्यांच्याकडे गर्दी असते म्हणून कोयत्याचे काम गणपतीला गावी जाल तेव्हाच सांगून ठेवा.