आर५० ला कार्ड कुठलं घ्यावं? यू३, व्ही३०, ए२... डोकं आउट झालंय

रंकाळा_कट्टा
मंडळी, कॅननचा आर५० कॅमेरा घेतलाय. लग्नाच्या ऑर्डरी सुरू करायच्यात, आणि मधनं मधनं खासबागेतल्या कुस्त्या, जोतिबाची यात्रा असलं हौसेचं पण शूट करणार. आता गाडी अडलीय कार्डावर. दुकानात गेलो तर ६४ जीबीचीच चार कार्डं आणि चार भाव, एकावर स्पीड १०० एमबी छापलेला, एकावर २००, एकावर ३००, आणि दुकानदार म्हणतोय सगळ्यात महागातलं न्या म्हणजे टेन्शन नाय. शिवाय चुलत्यांचा जुना कॅननचाच ४०डी घरात पडून हाय, तो सेकंड कॅमेरा म्हणून चालवावा म्हणतोय, तर एकच कार्ड दोन्हीकडं चालंल का? बजेट लय नाय. जाणकारांनी सांगा.

शटरकाका
आधी चुलत्यांच्या कॅमेऱ्याचं मिटवू. ४०डीत एसडी, म्हणजे तुझ्या आर५० चं कार्ड, बसतच नाही बाळा, त्याला सीएफ लागतं, कॉम्पॅक्टफ्लॅश. १९९४ ला सॅनडिस्कनं काढलेलं ते रुंद, जाड कार्ड. खाचेत आत ५० बारीक पिना असतात, कार्ड तिरकं घालून दाबलंस की पिन वाकलीच म्हणून समज, आणि ते काम परवडणारं नसतंय. आणि हो, दुकानात कोण सीएफएक्सप्रेस दाखवायला लागला तर घेऊ नकोस, नाव सारखं असलं तरी ते जुन्या सीएफच्या खाचेत जात नाही आणि तुझ्या आर५० ला पण नाही. ४०डीला व्हिडिओ नाहीच, फोटोपुरता वापर, त्याला लहान कार्ड पण रग्गड झालं.

लेन्सवाली_राजारामपुरी
दादा, आर५० ची खाच यूएचएस-१ ची आहे (एसडी कार्डाच्या स्पीडचा एक प्रकार, यूएचएस-२ त्याच्या पुढचा), हे आधी डोक्यात फिट्ट करा. ३०० वालं कार्ड बहुतेक यूएचएस-२ असणार, मागं उलटं करून बघा, पिनांच्या दोन ओळी दिसतील. तुमच्या कॅमेऱ्यात ते चालतं, नाही असं नाही, पण दुसऱ्या ओळीला आत काही टेकतच नाही त्यामुळं स्पीड यूएचएस-१ चाच मिळणार, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १०४ एमबी. मग जादा पैसे कशाला घालवायचे? २०० छापलंय तो पण कार्ड वाचायचा स्पीड असतो, आणि तो सुद्धा त्याच कंपनीच्या खास रीडरला. कॅमेऱ्याला पाहिजे लिहायचा स्पीड, आणि तो कधी मोठ्या अक्षरात छापत नाहीत बघा :)

तुम्ही फक्त व्ही३० बघा. त्याचा अर्थ सेकंदाला ३० एमबीच्या खाली लिहायचा स्पीड जाणार नाही. यू३ म्हणजे पण तेच ३०. आर५० चा ४के व्हिडिओ सेकंदाला साधारण १२० मेगाबिटचा, बिटाचं बाइट करायला ८ नं भागा, आले १५ एमबी, म्हणजे व्ही३० ला निम्मंच काम. ए१, ए२ हे फोनमध्ये अॅप टाकायच्या कार्डांसाठी, तिकडं बघूच नका.

रंकाळा_कट्टा
हे एकदम क्लिअर झालं ताई. पण मग कुस्तीत बर्स्ट, म्हणजे बटण दाबून धरून धडाधड फोटो, मारल्यावर अडकणार नाही का? डाव पडायच्या टायमालाच कॅमेरा थांबला तर काय उपयोग.

लेन्सवाली_राजारामपुरी
रॉमध्ये (कच्च्या, मोठ्या फाइलींत) अडकणारच, ह्या कॅमेऱ्याचं बफरच, म्हणजे कार्डावर लिहायच्या आधी फोटो थांबायची आतली जागाच, छोटी आहे, मोजक्या फ्रेममध्ये भरते, कार्ड कितीपण महाग घाला. कुस्तीला सी-रॉ (दाबून लहान केलेली रॉ) नाहीतर सरळ जेपेग लावा, आणि बटण दाबून धरू नका, पट निघतोय असं वाटलं की तेवढंच मारा.

नाद_खुळा_फोटो
भावा लग्नं करणार असशील तर एक सांगतो. आर५० ला खाच एकच हाय, म्हणजे बॅकअप कायबी नाय. १२८ चं एक घेऊन सगळं लग्न त्यात कोंबू नको, ६४ ची दोन घे, हळद एकात, अक्षता दुसऱ्यात. एकात ४के व्हिडिओ सत्तर मिनिटांच्या आसपास मावतोय. ऑनलाइन लय स्वस्तातलं दिसलं तर तिकडं फिरकूच नको, ८ जीबीवर ६४ चं लेबल मारून विकत्यात, आणि कॅमेरा पण ६४ च दाखवतोय, भरल्यावर फाइली फुटलेल्या. कार्ड आणलं की आधी एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या फुकट सॉफ्टवेअरनं पूर्ण भरून तपास, येळ लागतोय पण ऑर्डरीच्या आधी केलेलं बरं.

आणि जोतिबाला गुलाल उडत असताना कार्ड बदलायला झाकण उघडशील तर तूच बघ! ती पूड खाचेत गेली की निघता निघत नाय. गाडीत नाहीतर कुठल्यातरी दुकानात शिरून बदल, नायतर वर चढायच्या आधीच रिकामं कार्ड घालून जा.

शटरकाका
बरोबर बोलला. कार्ड घालताना कडेची बारीक लॉकची पट्टी बघायची, खाली सरकली असली की कॅमेरा लिहायला नकार देतो आणि माणूस उगीच कार्ड खराब झालं म्हणून घाबरतो. फॉरमॅट कॅमेऱ्यातच मारायचं, कॉम्प्युटरवर नको. चुकून फोटो उडाले तर त्या कार्डावर पुढं एक पण क्लिक मारायची नाही, तसंच बाहेर काढून ठेवायचं. वर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर फोटोरेक नावाच्या सॉफ्टवेअरनं बरंच परत मिळतं.

रंकाळा_कट्टा
मग ठरलं, ६४ ची दोन, व्ही३०, यूएचएस-१. काका, सीएफ नवीन कुठं मिळंना झालंय, जुनं वापरलेलं घेतलं तर चालंल का?

शटरकाका
चालंल, पण कार्डाची पिना आत जायची भोकं नीट बघून घे, एखादं माती-कचऱ्यानं बुजलेलं असलं तर ते कार्ड नकोच. आणि सीएफचा रीडर वेगळा लागतो, तो आधी शोध.